घरातील चीजवस्तूंचा विमा : नूतनीकरण आणि दलाली

(सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विमा म्हटला की आपल्या मंडळींना एलआयसी आठवते, म्हणजे माणसाच्या आयुष्याचा विमा. गाडीचा विमा पोलीस विचारतात म्हणून काढला जातो. घरातल्या सामानाचाही विमा असतो, तो दरवर्षी नव्याने करावा लागतो आणि तो करून देणाऱ्या माणसाला त्यात काही रक्कम मिळते, याची चर्चा मात्र कुणी करीत नाही. आज मी नेमके त्यावरच बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, पण कुरुंदवाडात बोलताना त्याची गरज वेगळी पटवून द्यावी लागू नये.

आपले गाव पंचगंगेच्या काठी. जवळच नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. कृष्णेला पाणी भरपूर असले की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही, मग ते पाणी मागे फुगते आणि गावात शिरते. डोंगरातल्या ओढ्यासारखे ते एका रात्रीत येऊन जात नाही. इंचाइंचाने चढते आणि चढले की मुक्काम ठोकते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी शिरोळ तालुक्याचे काय केले, ते येथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे.

अशा पुरात भिंती बहुधा उभ्या राहतात. जाते ते आतले. कपाट, गाद्या, फ्रीज, मिक्सर, टीव्ही, शिलाई यंत्र, मुलांची पुस्तके, वर्षाचे धान्य. आठ-आठ दिवस पाण्यात राहिलेली प्लायवुडची वस्तू पुन्हा उभी राहत नाही. २०१९ च्या पुरानंतर शासनाने जे सानुग्रह अनुदान दिले, ते ग्रामीण भागात कुटुंबाला १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये होते. त्या वेळी त्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण एक फ्रीज आणि दोन गाद्या घेतल्या की ती रक्कम संपते. बाकीचे सामान पुन्हा हप्त्यावर आणावे लागते आणि कर्जाचा फेरा सुरू होतो. आपल्या वस्तीतल्या कष्टकरी कुटुंबाला दहा वर्षांत जमविलेला संसार असा दोनदा-तीनदा नव्याने मांडावा लागला, तर मुलांच्या शिक्षणाला पैसा उरणार कोठून?

या ठिकाणी एक संदर्भ द्यावासा वाटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले, ते ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे सक्तीचे असावे, अशी मागणी आहे. विमा ही श्रीमंतांची चैन नसून कष्टकऱ्याला लागणारी हमी आहे, हा विचार त्यामागे दिसतो. पुढे १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचेही झाले आणि १०७ कंपन्यांच्या जागी नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया अशा चार सरकारी कंपन्या आल्या. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. त्याची चर्चा वेगळी करता येईल. आज बाजारात अनेक कंपन्या आहेत आणि त्यांच्या व आपल्या मध्ये माणसे उभी आहेत, एवढे वास्तव धरून चालू या.

ही मधली माणसे कोण? आपण सरसकट सगळ्यांना ‘एजंट’ किंवा ‘दलाल’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने त्यांत फरक आहे आणि तो समजला की अर्धा गोंधळ मिटतो. एजंट हा विमा कंपनीचा माणूस. तो कंपनीच्या वतीने पॉलिसी विकतो. ब्रोकर हा ग्राहकाच्या बाजूने काम करणारा. त्याने अनेक कंपन्यांच्या पॉलिसी पाहून आपल्या गरजेची सुचवायची असते. ब्रोकरला रीतसर परवाना देण्याची पद्धत आपल्या देशात २००२ च्या नियमांनी सुरू झाली. सध्याच्या, म्हणजे २०१८ च्या नियमांप्रमाणे ब्रोकर म्हणजे कंपनी, भागीदारी संस्था किंवा सहकारी संस्था असावी लागते आणि थेट विमा ब्रोकरला किमान ७५ लाख रुपयांचे भांडवल दाखवावे लागते. तेव्हा मोटारसायकलवरून दारात येऊन “मी ब्रोकर आहे” म्हणणारा गृहस्थ स्वतः ब्रोकर नसतो. तो ब्रोकर कंपनीचा नोकर असेल, एजंट असेल किंवा ‘पॉइंट ऑफ सेल्स’चा माणूस असेल. त्यात गैर काही नाही. पण तो कोणाचा, हे ओळखपत्र पाहून विचारून घ्यावे. बँकसुद्धा विमा विकते तेव्हा ती विमा कंपनीची कॉर्पोरेट एजंट असते आणि तिलाही दलाली मिळते. काउंटरवरचे साहेब आपल्यावर उपकार करीत नसतात.

आता पैशाकडे येऊ. समजा, आपल्या सामानाच्या विम्याचा मूळ हप्ता १,००० रुपये आहे. (हा आकडा हिशेबासाठी घेतला आहे, प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो.) त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८० रुपये. एकूण १,१८० रुपये. येथे एक गैरसमज दूर करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून विम्यावरचा जीएसटी गेला, असे आपण ऐकले असेल. तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा गेला. घराच्या विम्यावर तो लागतो.

यांत दलाली कोठे आहे? ती त्या १,००० रुपयांच्या आत आहे. कंपनी आपल्याकडून १,००० घेते आणि त्यातून एजंटाला किंवा ब्रोकरला त्याचा वाटा देते. २०१६ च्या नियमांत घरगुती आगविम्यासाठी, ज्यात पुराचाही धोका येतो, एजंटाच्या दलालीची कमाल मर्यादा १५ टक्के होती, म्हणजे आपल्या उदाहरणात १५० रुपये. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक पॉलिसीसाठी ठरवून दिलेल्या या मर्यादा निघाल्या. आता कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर हप्त्याच्या ३० टक्क्यांची मर्यादा आहे आणि तिच्या आत दलाली किती द्यायची, हे कंपनीचे संचालक मंडळ ठरविते. त्यामुळे ‘दलाली किती?’ याचे सगळ्यांना लागू पडणारे एकच उत्तर आज कुणी देऊ शकत नाही. ते विचारावे लागते. आणि विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. ग्राहकाने विचारल्यास दलालीचे प्रमाण सांगावे, असे एजंट आणि ब्रोकर दोघांच्याही आचारसंहितेत आहे. विचारायला लाजू नये. बाजारात वांग्याचा भाव विचारताना आपण लाजतो काय?

मुख्य मुद्दा असा की, मध्यस्थाचा मोबदला हप्त्यातून कंपनी देते. तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी “सर्व्हिस चार्ज”, “फाइल चार्ज”, “ऑफिस खर्च” असे म्हणून कुणी वरचे दोनशे-तीनशे मागितले, तर एखाद्या भगिनीने सरळ विचारावे, “भाऊ, पावती हजार एकशे ऐंशीची आहे, मग हे वरचे दोनशे कशाचे?” पावतीवर जी रक्कम आहे तेवढीच द्यायची. पैसे शक्यतो चेकने किंवा ऑनलाइन आणि विमा कंपनीच्याच नावाने द्यावेत, मध्यस्थाच्या खात्यावर नकोत. झेरॉक्स काढण्याचे किंवा तालुक्याला हेलपाटा मारण्याचे पैसे आपण आपखुशीने दिले तर ती गोष्ट निराळी. पण त्याला विम्याची फी समजू नये.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर भाषण एकांगी होईल. “माझ्या दलालीतले शंभर रुपये तुम्हाला परत देतो, पॉलिसी माझ्याकडेच करा” असे सांगणारेही भेटतात. आपल्याला वाटते, बरे झाले, स्वस्त पडले. परंतु १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे दलालीतली रक्कम ग्राहकाला परत देण्यास आणि ग्राहकाने ती घेण्यासही मनाई आहे. २०१५ च्या दुरुस्तीने त्याचा दंड १० लाख रुपयांपर्यंत नेला. कंपनीने स्वतः जाहीर केलेली सूट मात्र चालते. काही कंपन्या आपल्या संकेतस्थळावरून थेट पॉलिसी घेणाऱ्याला सूट देतात, ती विचारून पाहावी.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांनी विचारले म्हणून थोडे तिकडचेही सांगतो. इंग्लंडमध्ये ब्रोकर दलालीखेरीज ग्राहकाकडून नूतनीकरणाची वेगळी फी घेऊ शकतो, फक्त ती आधी सांगावी लागते. एप्रिल २०१७ पासून तेथे नूतनीकरणाच्या पत्रात मागच्या वर्षीचा हप्ता छापणे बंधनकारक आहे आणि १ जानेवारी २०२२ पासून घराच्या विम्यात जुन्या ग्राहकाला नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावता येत नाही. म्हणून तिकडचा मुलगा फोनवर “बाबा, ब्रोकरची फी वेगळी असतेच” म्हणाला, तर तो खोटे बोलत नाही. पण तो नियम त्याच्या गावचा, आपल्या नव्हे. मागच्या वर्षीची पावती शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सवय मात्र आपणही लावून घ्यावी.

मग मध्यस्थ नकोच काय? तसे माझे म्हणणे नाही. दीडशे रुपये त्याला आपल्याच हप्त्यातून मिळत असतील, तर दीडशे रुपयांचे काम त्याच्याकडून करून घेतले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. आणि ते काम नूतनीकरणाच्या दिवशीच असते. होते काय, फोन येतो, “काका, पॉलिसी संपली, मागच्यासारखीच करू ना?” आणि आपण “करा” म्हणतो. या ‘मागच्यासारखी’त मोठा धोका आहे. मधल्या वर्षात घरात वॉशिंग मशीन आले असेल, मुलाला लॅपटॉप घेतला असेल, भाड्याचे घर बदलले असेल. पॉलिसीवर जुना पत्ता असला तर कंपनीशी वाद कोणी घालायचा?

१ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, वादळ, पूर, घरात पाणी शिरणे, भूकंप, दरड हे धोके येतात. इमारतीचा विमा घेतला असेल तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांच्या आत, एवढे सामान यादी न देताही आपोआप धरले जाते. त्याहून जास्त सामान असेल तर यादी द्यावी लागते. नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो, म्हणजे भाडेकरूलाही मार्ग आहे. सामानाची भरपाई नवी वस्तू घेण्याच्या खर्चाच्या हिशेबाने मिळते आणि विमा रक्कम थोडी कमी लावली होती म्हणून भरपाईत प्रमाणशीर कपात होत नाही. पूर्वीच्या पॉलिसींत ही कपात फार जाचक होती. ही सोय चांगली झाली.

पण तिच्यात काय नाही, तेही ऐका. नुसती घरफोडी तिच्यात नाही. पूर, आग अशी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरतात. आपल्यापैकी काहींकडे पूर्वी ‘हाउसहोल्डर्स’ पॉलिसी होती, तिच्यात घरफोडीचा वेगळा भाग घेता येत असे. नूतनीकरण करताना पॉलिसी बदलली आणि तो भाग गळाला, हे सांगणे मध्यस्थाचे काम आहे. दागिने आणि इतर मौल्यवान वस्तूंसाठी जादा संरक्षण मागून घ्यावे लागते. रोख रक्कम आणि कागदपत्रे तिच्यात येत नाहीत. ओटीवर किराणा दुकान असेल किंवा त्याच खोलीत शिलाईचा धंदा असेल, तर दुकानातला माल हे घरचे सामान नव्हे. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची वेगळी पॉलिसी आहे. आपल्या कितीतरी भगिनींचा संसार शिलाई यंत्रावर चालतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. घरकर्जाबरोबर बँकेने जो विमा काढला असेल, तो बहुधा इमारतीचा असतो. “आमचा बँकेतून झालाय” म्हणणाऱ्यांनी पॉलिसी काढून त्यात सामान आहे काय, हे आजच संध्याकाळी पाहावे.

तारखेचे महत्त्व तर विचारूच नका. कलम ६४ व्हीबी सांगते की, हप्ता आधी मिळाल्याखेरीज कंपनीने जोखीम घेऊ नये. आयुर्विम्यासारखी महिन्याची सवलत येथे धरून चालू नये. पॉलिसी ३१ जुलैला संपली आणि आपण ५ ऑगस्टला पैसे भरले, तर मधले चार-पाच दिवस आपण उघड्यावर असतो. आणि आपल्याकडे पाणी येते ते नेमके याच दिवसांत! ज्यांची मुदत पावसाळ्यात संपते त्यांनी जूनमध्येच पैसे भरून नूतनीकरण करून घ्यावे. जुनी संपताच नवी लागू होईल, अशी पॉलिसी आधी घेता येते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४० फुटांवर गेल्यावर एजंटाला फोन लावण्यात अर्थ नाही.

पूर ओसरल्यावर आणखी एक प्रकार सुरू होतो. “क्लेम मंजूर करून देतो, दहा टक्के द्या.” ज्या ब्रोकरने पॉलिसी दिली, त्याने दाव्याच्या कामात मदत करणे हे त्याच्या कर्तव्यातच येते. त्यासाठी वेगळी टक्केवारी नाही. नुकसान पाहण्यास येणाऱ्या सर्व्हेअरची फी विमा कंपनी देते. त्याला आपण चहा द्यावा, पाकीट देऊ नये. आपले काम एवढेच की, कंपनीला ताबडतोब कळवायचे, चिखल काढण्यापूर्वी फोटो घ्यायचे, भिजलेल्या वस्तू सर्व्हेअरने पाहण्याआधी फेकायच्या नाहीत आणि तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जपून ठेवायची. पाणी सावकाश चढते, म्हणून जे सामान माळ्यावर किंवा पाहुण्यांकडे हलविता येईल ते हलविलेच पाहिजे. विमा आहे म्हणून फ्रीज पाण्यात ठेवला, असे चालत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम आहे. आई-वडिलांना पॉलिसीचे इंग्रजी वाचता येत नसेल, पण तुम्हाला येते. या सुट्टीत एका वहीत घरातल्या वस्तूंची यादी करा. वस्तू, घेतल्याचे साल, किंमत, पावती आहे की नाही. प्रत्येक खोलीचे मोबाईलवर फोटो काढा आणि ते गावाबाहेरच्या एका नातेवाइकाकडे पाठवून ठेवा, कारण पुरात वहीही भिजते आणि मोबाईलही. नूतनीकरणाच्या दिवशी ती यादी मध्यस्थासमोर ठेवा आणि दलाली विचारा.

एवढे करूनही अन्याय झाला तर? प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. विमा नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा क्रमांक आहे, त्यावर किंवा ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर पुण्याला विमा लोकपालांचे कार्यालय आहे, मुंबई महानगर सोडून उर्वरित महाराष्ट्र त्यांच्याकडे येतो. कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ब्रोकरविरुद्धची तक्रारही तेथे करता येते. अर्ज मराठीत लिहावयाचा असल्यास सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे, ज्यांनी पॉलिसी बरोबर आणली असेल त्यांनी भेटावे.

जयभीम.